कंबोडियातील मणिमेखला : एका नृत्यप्रयोगाचा बौद्ध मागोवा

कंबोडियाला जाणाऱ्या भारतीय प्रवाशांच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन कलमे बहुधा ठरलेली असतात. दिवसा अंगकोरची मंदिरे पाहावयाची आणि एखाद्या संध्याकाळी सिएम रीप शहरातील मोठ्या भोजनगृहात जेवता जेवता 'अप्सरा नृत्य' पाहावयाचे. परत आल्यावर हे प्रवासी जे सांगतात तेही ठरलेलेच असते. आपल्या देवादिकांच्या कथा तिकडे हजार वर्षे नाचल्या जात आहेत, तेथे आपलीच संस्कृती आहे, असा त्याचा मथितार्थ. बौद्ध अभ्यासकाने हे विधान जसेच्या तसे स्वीकारावे काय, असा प्रश्न आम्हांस तेथे जाण्यापूर्वीपासून पडला होता. ज्या देशातील शेकडा नव्वदांहून अधिक लोक थेरवादी बौद्ध आहेत, त्या देशाच्या नृत्यात बौद्ध असे काहीच उरले नसेल, ही गोष्ट मनास पटत नव्हती.

म्हणून आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो. सभागृह दोनतीनशे माणसांचे. लांबलचक मेजांवर पदार्थ मांडलेले. ज्याने त्याने उठून ताट वाढून घ्यावयाचे. केळीच्या पानाच्या द्रोणात नारळाच्या दुधात वाफवलेली मासळी, जिला तेथे 'आमोक' म्हणतात, ती कोकणातल्या माणसास परकी वाटू नये. आंबवलेल्या मासळीचा 'प्राहोक' मात्र सर्वांस मानवेल असे नाही. रंगमंचाच्या एका बाजूस वादकांचा ताफा जमिनीवर बसला होता : काष्ठतरंगासारखे 'रोनियात', गोलाकार मांडलेल्या पितळी घंटांचे 'कोंग', सनईच्या जातीचे 'स्रलाय' आणि मृदंगासारखा आडवा 'साम्फो'. या वाद्यमेळास 'पिनपिअत' असे नाव आहे. प्रथम फुले उधळून प्रेक्षकांस आशीर्वाद देणारे नृत्य झाले. मग नारळाच्या करवंट्या आपटीत मुलामुलींनी केलेले लोकनृत्य, पाठोपाठ टोपल्या घेऊन मासे धरण्याचे नृत्य, मग हनुमान आणि सोनेरी मत्स्यकन्या यांचा प्रसंग, नंतर 'मोनी मेखला' आणि शेवटी पाच नर्तकींचे अप्सरा नृत्य. सारे मिळून तासाभराचा खेळ. प्रेक्षकांपैकी निम्मे ताटात पाहत होते आणि उरलेले कॅमेऱ्यात. निवेदकाने इंग्रजीत मेखलेची ओळख 'समुद्राची देवी' एवढ्या दोन शब्दांत करून दिली आणि तो पुढे गेला. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्या दोन शब्दांत दडलेले आहे. परंतु त्याआधी अप्सरांच्या प्राचीनतेचा प्रश्न हातावेगळा करणे आवश्यक आहे.

जे नृत्य हजार वर्षांचे म्हणून दाखविले जाते, ते अप्सरा नृत्य आजच्या रूपात विसाव्या शतकाच्या मध्यास रचले गेले. राजे नरोदम सिहानुक यांच्या मातोश्री राणी कोसामाक यांनी अंगकोरच्या भिंतींवरील शिल्पे समोर ठेवून त्याची रचना करविली. त्यांची नात राजकन्या बुप्फा देवी ही त्यातील पहिली प्रमुख अप्सरा. मुकुट, कटिबंध, उमललेल्या फुलासारखे वळलेले हात हे शिल्पांवरून घेतले. पदन्यास आणि संगीत राजवाड्यातील चालू परंपरेचे. मासे धरण्याचे ते नृत्यही १९६० च्या दशकात नोम पेन्हच्या ललितकला विद्यापीठात बसविले गेले. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक जिवंत कला अशीच वाढते. पण ज्यांना दगडातील अप्सरा आणि रंगमंचावरील मुलगी यांच्यामध्ये आठशे वर्षांची अखंड साखळी दिसते, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मग अंगकोरच्या काळात नाचत कोण होते? याचे उत्तर शिलालेखांत मिळते आणि ते डोळे उघडणारे आहे. सातवा जयवर्मन (राज्यारोहण इ. स. ११८१) हा महायान बौद्ध राजा होता. त्याने आपल्या मातेच्या स्मरणार्थ, तिला प्रज्ञापारमितेच्या रूपात कल्पून, ता प्रोम हे देवस्थान उभारले; पित्यास लोकेश्वराच्या रूपात कल्पून प्रेअ खान उभारले. ता प्रोमच्या इ. स. ११८६ च्या संस्कृत शिलालेखात त्या संस्थेच्या आवारातील माणसांची मोजदाद दिली आहे. एकूण १२,६४० माणसे, त्यांत ६१५ नर्तकी. संस्थेच्या निर्वाहासाठी ३,१४० गावे आणि तेथील ७९,३६५ माणसे लावून दिलेली. इ. स. ११९१ च्या प्रेअ खानच्या लेखात नर्तकींची संख्या १,००० आहे. याच राजाच्या राज्यातील १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख ता प्रोमच्या लेखात आहे, आणि बौद्ध लेखक त्याचे कौतुक नेहमी करतात. ते योग्यच आहे. तथापि त्याच लेखात सोने, तांदूळ, वस्त्रे यांच्या याद्यांबरोबर नर्तकींचीही गणती होते, याकडे आम्हांस काणाडोळा करता येत नाही. १९३६ च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत देवदासी, जोगतिणी, मुरळी यांच्यासमोर जे भाषण केले, त्याचा वारसा सांगणाऱ्या वाचकास ६१५ हा आकडा केवळ वैभवाचा वाटू नये. देवस्थान बौद्ध असले म्हणून त्यास अर्पण केलेल्या स्त्रीचे जिणे आपोआप मुक्त होत नाही. त्या ६१५ जणी कोण होत्या, कोठून आणल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीचे तरी म्हणणे काय होते, याविषयी शिलालेख मौन बाळगतो.

याच राजाच्या घरातील दुसरी एक नोंद मात्र वेगळ्या वळणाची आहे. फिमेआनाकास येथील संस्कृत लेख राणी इंद्रदेवी हिने स्वतः रचलेला आहे. ती विदुषी होती, विहारात स्त्रियांना शिकवीत असे. तिने आपली धाकटी बहीण जयराजदेवी हिला बुद्धमार्गाची दीक्षा दिली, तेव्हा जयवर्मन चंपा देशात दूर होता आणि विरहाने ती कृश झाली होती. पुढे पती परतल्यावर जयराजदेवीने जातककथांवरून घेतलेले नाट्यप्रयोग करविले, असे हा लेख सांगतो. अंगकोरच्या नृत्यांचा विषय काय असे, याची ही प्रत्यक्ष साक्ष आहे, आणि तो विषय जातकांचा आहे. हा लेख एका स्त्रीने लिहिला, दुसऱ्या स्त्रीने करविलेल्या प्रयोगांविषयी लिहिला, ही गोष्ट आमच्या मते अंगकोरच्या साऱ्या शिखरांइतकी मोलाची आहे. प्रवाशांना ती कोणी सांगत नाही.

जयवर्मनानंतर काय घडले ते प्रेअ खानच्या भिंतींवर आजही वाचता येते. तेथे 'नर्तकींचा मंडप' म्हणून ओळखले जाणारे दालन आहे. त्याच्या द्वारपट्ट्यांवर नाचणाऱ्या स्त्रियांच्या रांगा शाबूत आहेत. त्याच संस्थेतील बुद्धप्रतिमा मात्र टाकीने खरवडल्या गेल्या. काही ठिकाणी त्यांचे ऋषी केले, काही ठिकाणी लिंग. तेराव्या शतकात आठव्या जयवर्मनाच्या शैव राजवटीत हे झाले, असे बहुसंख्य विद्वान मानतात. बायोनच्या मुख्य शिखराखालील खड्ड्यात १९३३ मध्ये नागावर बसलेल्या बुद्धाची सुमारे ३.६ मीटर उंचीची मूर्ती तुकड्यांच्या रूपात सापडली. ती फोडून खाली टाकलेली होती. फ्रेंच संशोधकांनी ती जोडली आणि ती आज अंगकोर थोम येथेच पूजिली जाते. नर्तकी राहिल्या आणि बुद्ध खरवडला गेला. भारतातील अनेक लेण्यांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास अधिक सांगण्याची गरज नाही. तथापि कंबोडियात गोष्ट तेथे थांबली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी पाली भाषेतील लेख दिसू लागतात, थेरवाद खेड्यापाड्यांत पोचतो आणि विष्णूचे म्हणून बांधलेले अंगकोर वाटदेखील बौद्ध तीर्थस्थान बनते.

येथे आमच्या वाचकांच्या मनातील शंकेचा विचार केला पाहिजे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हनुमान आणि मत्स्यकन्येचा खेळ कोणत्या दृष्टीने पाहावा? ख्मेर रामकथेस 'रीमकेर' म्हणतात. तिच्यातील राम हा नारायणाचा अवतार असला तरी बौद्ध कवींनी त्यास बोधिसत्त्वाचे गुण चढविले आहेत. सोनेरी मत्स्यकन्या ही तेथे रावणाची कन्या असून समुद्रावरील सेतूचे दगड चोरण्यास ती आपल्या परिवारासह येते. वाल्मीकीस ती ठाऊक नाही. आपल्याकडील दशरथ जातकाशी या कथेचा थेट संबंध जोडण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळावा, रीमकेर वेगळ्या मार्गाने आलेली आहे. आमचे मत असे की, एखाद्या बौद्ध समाजाने परकी कथा घेऊन ती आपल्या मुशीत कशी ओतली हे अभ्यासावे. तेवढ्यावरून तो समाज हिंदू ठरत नाही, आणि आम्हांस रामभक्त व्हावे लागत नाही.

आता मेखला. रंगमंचावरील कथा अशी : एका वृद्ध ऋषीचे तीन शिष्य, मेखला, रीम एसो नावाचा राक्षस आणि वोराचुन हा राजपुत्र. गुरूने सांगितले की, जो पहाटेपूर्वी दवाने पात्र भरून आणील त्यास श्रेष्ठ अस्त्र मिळेल. दोघे पाने हलवून थेंब थेंब गोळा करीत बसले. मेखलेने आपला शेला गवतावर पसरला आणि पिळून पात्र भरले. तिला मणी मिळाला, राक्षसाला परशू आणि राजपुत्राला खंजीर. मत्सराने पेटलेला राक्षस तिचा पाठलाग करतो; ती आकाशात नाचत नाचत मणी चमकविते, त्याचे डोळे दिपतात, तो परशू भिरकावतो. मण्याची चमक ती वीज, परशूचा घोष तो मेघगर्जना, आणि मग पाऊस. राजवाड्यात हे नृत्य पर्जन्यासाठी करावयाच्या विधीचे अंग होते. परशू धारण करणारा हा 'रीम' म्हणजे मुळात परशुराम, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या संध्याकाळी राक्षसाची आदळआपट आणि तिची सावकाश, जणू पाण्यातून चालणारी पावले यांतील भेद पाहून क्षणभर सभागृहातील चमच्यांचा आवाजही थांबल्यासारखा वाटला.

ही मेखला कोण? ती पाली वाङ्मयातील मणिमेखला आहे. महाजनक जातकात (जातक क्रमांक ५३९) ती समुद्राची रक्षक देवता म्हणून येते. मिथिलेच्या हरपलेल्या राज्याचा वारस महाजनक हा व्यापारासाठी सुवण्णभूमीकडे निघतो, वाटेत जहाज बुडते आणि तो सात दिवस पोहत राहतो. त्या अवस्थेतही पौर्णिमा आली हे ओळखून तो खाऱ्या पाण्याने चूळ भरतो आणि उपोसथ पाळतो. सातव्या दिवशी मणिमेखला त्यास पाहते. किनारा दिसत नाही, मग हे श्रम कशासाठी, असे ती विचारते. फळ मिळो वा न मिळो, प्रयत्न सोडणाऱ्याने स्वतःस बुडविले असे होते, अशा आशयाचे उत्तर तो देतो. ते ऐकून ती त्यास उचलून मिथिलेस नेते. बोधिसत्त्वाच्या वीर्य पारमितेची ही कथा. देवतेस येथे नवस बोलावा लागत नाही. ती पुरुषार्थ तपासून घेते आणि मगच हात देते. सुवण्णभूमी म्हणजे आग्नेय आशियाचा प्रदेश, असे सामान्यतः मानले जाते. महाजनकाचे जहाज तेथवर पोचले नाही. त्याला तारणारी देवता मात्र व्यापारी आणि भिक्खू यांच्याबरोबर तेथे पोचली आणि समुद्रावरून पावसाच्या आकाशात चढली.

दक्षिण भारतातही तिचे स्मरण होते. सात्तनार कवीच्या 'मणिमेखलै' या तमिळ बौद्ध महाकाव्याची नायिका तिच्याच नावाची आहे. ती नर्तकी माधवीची मुलगी. आईचा व्यवसाय तिच्यासाठी ठरलेला, राजपुत्र मागे लागलेला. समुद्रदेवता तिला उचलून मणिपल्लवम् बेटावर नेते. तेथे बुद्धासनाचे दर्शन होते आणि तिला अन्न कधीही न संपणारे पात्र मिळते. त्या पात्राने ती भुकेल्यांना जेवू घालते आणि अखेरीस बुद्धमार्गाचा स्वीकार करते. ता प्रोमच्या ६१५ जणींपुढे ही एक नर्तकीकन्या ठेवून पाहावी.

महाराष्ट्रातील वाचकास तर याचे चित्र घरीच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात डाव्या भिंतीवर महाजनक जातक रंगविलेले आहे. राज्य मिळाल्यावर विरक्त होऊ पाहणाऱ्या महाजनकास राणी सीवली गुंतवून ठेवू पाहते, त्या प्रसंगी नाचणारी स्त्री आणि तिच्याभोवती बासरी, मृदंग वाजविणाऱ्या स्त्रिया तेथे आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यातही एक नर्तकी आणि तिच्या सहा वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. ज्यांना सिएम रीपपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी ही दोन ठिकाणे अवश्य पाहावीत.

नृत्य आणि शील यांचा मेळ कसा घालावा, असे विचारले जाईल. अष्टशील पाळणारा उपासक उपोसथाच्या दिवशी नृत्यगीतापासून दूर राहतो. भिक्खूंना तर ते सदैव वर्ज्य. तालपुट नावाच्या नटप्रमुखाने आपल्या व्यवसायाचे फळ काय, असे भगवंतांना विचारले तेव्हा त्यांनी दोनदा उत्तर देणे टाळले आणि तिसऱ्यांदा जे सांगितले ते ऐकून तालपुट रडला. पुढे तो अर्हत झाला. उलट पञ्चसिख गंधर्वाच्या वीणेचा आणि गायनाचा मेळ भगवंतांनी वाखाणल्याचे सक्कपञ्ह सुत्तात आहे. पंचशीलधारी गृहस्थास नृत्य निषिद्ध नाही. ख्मेर समाजाने हा भेद व्यवस्थित सांभाळला आहे.

फ्रेंच अमदानीत, १९०६ साली, राजा सिसोवाथ आपल्या नर्तकींसह मार्सेयच्या वसाहत प्रदर्शनास गेला. शिल्पकार रोदँ याने त्या मुलींची सुमारे दीडशे चित्रे रेखाटली. तेव्हापासून युरोपीय डोळ्यांनी या नृत्यास जे गूढत्व चिकटविले, ते भोजनगृहांच्या जाहिरातींत अजून शिल्लक आहे.

खरा आघात १७ एप्रिल १९७५ रोजी आला. ख्मेर रूज राजवटीने नोम पेन्ह रिकामे केले. ७ जानेवारी १९७९ पर्यंतच्या तीन वर्षे आठ महिन्यांत सतरा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे उपासमारीने, रोगाने आणि हत्येने मेली. भिक्खूंची चीवरे उतरविली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. राजवाड्याच्या आश्रयातील कला म्हणून नृत्य हा गुन्हा ठरला. दहा कलावंतांपैकी नऊ मेले, असे सामान्यतः मानले जाते.

या काळातील एक नाव आमच्या वाचकांस ठाऊक असावे : चेआ सामी. जन्म १९१९. लहानपणीच त्या राजवाड्याच्या नृत्यशाळेत दाखल झाल्या आणि पुढे श्रेष्ठ शिक्षिका झाल्या. त्यांच्या पतीचा धाकटा भाऊ सालोथ सार हा बालपणी काही काळ नोम पेन्हच्या एका विहारात श्रामणेर होता आणि नंतर त्यांच्याच घरी वाढला. चेआ सामींनी त्यास आपल्या हाताने जेवू घातले. हाच पुढे पोल पॉट. चेआ सामी इतर लाखो लोकांबरोबर खेड्यात राबत होत्या. आपला दीर हाच या राजवटीचा मुख्य, हे त्यांना उमगले ते भिंतीवर लावलेल्या त्याच्या चित्रावरून. त्या नात्याने त्यांना काही सवलत मिळाली नाही. तशी त्यांनी मागितलीही नाही.

१९७९ नंतर वाचलेले मूठभर कलावंत नोम पेन्हला चालत परतले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सात भिक्खूंना पुन्हा उपसंपदा देण्यात आली. संघ आणि नृत्य, दोहोंची पुनर्बांधणी जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. थायलंडच्या सीमेवरील खाओ इ दांगसारख्या निर्वासित छावण्यांतही मुलांना नृत्य शिकविले जात होते. छावण्यांत विहार उभारीत भन्ते महाघोसानंद हिंडत होते. त्यांचे शिक्षण बिहारमधील नालंदा येथे झाले होते.

ललितकला शाळा पुन्हा उघडली तेव्हा चेआ सामी तेथे मुख्य शिक्षिका झाल्या. या नृत्यात हातांच्या आणि देहाच्या ठरीव मुद्रांस 'क्बाच' म्हणतात. नृत्यांगनेची बोटे लहानपणापासून मागे वळवून लवचिक केली जातात, म्हणून मोठेपणी आरंभ करून चालत नाही. पात्रांचे चार वर्ग : स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर. एका शिष्येस सामान्यतः एकाच वर्गाचे शिक्षण मिळते. त्यामुळे एक शिक्षिका गेली की एक पात्र अर्धे नाहीसे होते. लेखी पाठ जवळजवळ नव्हता. जे होते ते देहात होते, आणि देह मातीत गेले होते. उरलेल्या स्त्रिया एकत्र बसल्या. एकीला राक्षसाची चाल आठवे, दुसरीला मेखलेचे वळण, एखाद्या वृद्ध वादकास मधली लय. असे जोडत जोडत प्रयोग उभे राहिले. पहिल्या विद्यार्थ्यांत अनाथ मुले पुष्कळ होती.

चेआ सामी १९९४ मध्ये वारल्या. बुप्फा देवी पुढे संस्कृतिमंत्री झाल्या आणि २०१९ मध्ये निवर्तल्या. युनेस्कोने या राजनृत्यास २००३ मध्ये मानवजातीचा श्रेष्ठ वारसा म्हणून घोषित केले आणि २००८ मध्ये प्रातिनिधिक यादीत घेतले. सिएम रीपच्या भोजनगृहांत होणारे प्रयोग याच्या तुलनेत छाटलेले असतात. तासाभरात सहा नृत्ये बसवावयाची म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण त्या कमाईवर कित्येक तरुण कलावंतांचा निर्वाह चालतो, म्हणून अशा खेळास नाक मुरडणे आम्हांस उचित वाटत नाही. जाणाऱ्याने जेवण आधी आटोपावे, निवेदकाकडे दुर्लक्ष करावे आणि हातात मणी घेतलेली स्त्री रंगमंचावर आली की ती महाजनकास तारणारी आहे, हे शेजारी बसलेल्यांस सांगावे.